ए. के. हंगल आणि निर्वासितांची मुंबई: पडद्याआधीची सतरा वर्षं आधी शोधा

तुमचा प्रश्न वाचला आणि दोन ओळीत उत्तर देऊन भागणार नाही असं वाटलं, म्हणून सविस्तरच लिहितेय. तुम्ही म्हणताय की मास मीडियाच्या शेवटच्या वर्षाला आहात, हिंदी सिनेमातले चरित्र अभिनेते ए. के. हंगल यांच्यावर अर्ध्या तासाची डॉक्युमेंटरी करायचीये आणि सोबत फाळणीनंतर निर्वासितांनी बदललेली मुंबईपण दाखवायचीये. सिनेमांची यादी तयार आहे, उल्हासनगर आणि चेंबूर कॅम्पची माहिती गोळा झालीये, पण एडिटला बसलात की दोन वेगळ्या फिल्म एकमेकींना चिकटवल्यासारख्या दिसतात. वर तीन उपप्रश्न: शोलेपासून सुरुवात करू का, शिवसेनेने त्यांच्यावर घातलेल्या १९९३ च्या बहिष्काराचं काय करू, आणि त्या काळचं कोणी उरलं नसेल तर बोलू कोणाशी.

मी माहितीपटांसाठी रिसर्च करते, बरीच वर्षं झाली, त्यातलं बरंचसं काम मुंबई आणि सिनेमात काम केलेल्या माणसांवरचंच आहे. त्यावरून सांगते. काही गोष्टी तुमच्याकडे वेळ किती, कोणती कागदपत्रं हाती लागतात, फिल्म फक्त कॉलेजमध्ये दाखवणार की बाहेर फेस्टिव्हलला पाठवणार यावर ठरतील, ते जिथल्या तिथे सांगेन.

पहिली गोष्ट, तुमची अडचण एडिटची नाहीये. तुमची यादी १९६६ ला 'तीसरी कसम' पासून सुरू होते आणि कॅम्पांची माहिती १९५० च्या आसपास संपते. मधला काळ कोराच. हंगल कराचीहून मुंबईत आले १९४९ ला आणि पडद्यावर दिसले १९६६ ला, म्हणजे पन्नाशीला आलेला माणूस (जन्मसाल बहुतेक ठिकाणी १९१४ दिलेलं असतं, काही ठिकाणी १९१७ पण छापलंय, तुम्ही आधार बघून एक ठरवा आणि शेवटपर्यंत तेच ठेवा). या सतरा वर्षांत तो माणूस या शहरात पोट कसं भरत होता, कोणाच्या ओळखीवर उभा होता, संध्याकाळी कुठे जात होता, हीच तर निर्वासितांची मुंबई आहे आणि हीच त्यांची करिअरपण आहे. आपण नटाची करिअर म्हणजे रोलची यादी समजतो आणि तिथेच सगळं बिघडतं, कारण चरित्र अभिनेत्याला रोल मिळायच्या आधी त्याला शहरात जागा मिळावी लागते आणि ती जागा कशी मिळाली हे यादीत कुठेच येत नाही. ही सतरा वर्षं भरा, दोन्ही फिल्म आपोआप एक होतील.

आता ती भरायची कशी. माझ्या मते सुरुवात मुंबईतून करूच नका, कराचीतून करा. मुंबईकराला कराची म्हणजे शत्रूदेशातलं लांबचं शहर वाटतं, पण १९३६ पर्यंत सिंध मुंबई इलाख्यातच होता, तिथल्या कॉलेजांच्या परीक्षा मुंबई विद्यापीठाच्या असायच्या, कराचीतली एक जुनी नामांकित शाळा तर नारायण जगन्नाथ वैद्य या मराठी शिक्षणाधिकाऱ्याच्या नावाने अजून चालू आहे. दोन बंदरं, मधे बोटीचा रस्ता, एकच सरकार. त्यामुळे फाळणी झाल्यावर सिंधमधला माणूस मुंबईची बोट पकडतो यात नवल नव्हतं, त्याच्यासाठी ती ओळखीची दिशा होती.

हंगल मुळात सिंधी नव्हते हे लक्षात ठेवा. काश्मिरी पंडित कुटुंब, जन्म सियालकोटचा, वाढले पेशावरला, नाटकाचा नाद तिथलाच, आणि हाताला धंदा शिवणकामाचा. पुढे घर कराचीला गेलं, तिथे शिंपीकाम, कम्युनिस्ट पक्षाचं आणि कामगारांचं काम, आणि फाळणीनंतर तुरुंग. सुटल्यावर बायको-मुलाला घेऊन मुंबई.

त्या कराचीत तेव्हा काय चाललं होतं हे दाखवल्याशिवाय पुढचं काही कळत नाही. १९४१ च्या शिरगणतीत कराची साडेचार लाखांच्या आतलं गाव, त्यात निम्म्याच्या आसपास हिंदू. १९५१ ला लोकसंख्या दहा लाखांच्या वर आणि हिंदू दोन टक्क्यांच्या आसपास. दहा वर्षांत एवढी उलथापालथ. यूपीमधून, गुजरातेतून, मुंबईतूनही मुसलमान कुटुंबं तिकडे गेली, तिकडून हिंदू इकडे आले. सुरुवातीला सिंधमध्ये पंजाबसारखी कत्तल झाली नव्हती, बरेच सिंधी लोक थांबू म्हणत होते, पण ६ जानेवारी १९४८ ला कराचीत दंगल झाली आणि मग मात्र बोटींवर गर्दी उसळली. आणि याच जानेवारीत उर्दू लेखक सआदत हसन मंटो मुंबईहून बोटीने कराचीला निघून गेले. एकाच महिन्यात एकाच समुद्रावर दोन्ही बाजूंनी माणसं चाललीयेत. तुमच्या फिल्ममध्ये हे एवढं जरी नीट आलं तरी बघणाऱ्याला कळेल की एक बंदर भरलं आणि दुसरं रिकामं झालं असं नव्हतं, दोन्ही बंदरं एकाच वेळी बदलली.

मुंबईच्या बाजूचे आकडे जरा सांभाळून वापरा. बेटावरच्या शहराची वस्ती १९४१ ला पंधरा लाखांच्या जवळ होती, १९५१ ला तेवीस लाखांच्या वर गेली. पण ही सगळी वाढ निर्वासितांची नव्हे हो, युद्धाच्या काळात कारखान्यांना काम आलं, कोकणातून घाटावरून गुजरातेतून माणसं येतच होती, ती पण यातच आहेत. मी बघते की बऱ्याच विद्यार्थ्यांच्या फिल्ममध्ये हा आकडा टाकून वर निर्वासितांचा फोटो लावतात आणि गिरणगावात त्याच दशकात आलेला रत्नागिरीचा माणूस फिल्ममधून गायब होतो. हा अन्याय आहे, आणि चूकपण आहे, कारण जागेसाठी ओढाताण या सगळ्यांचीच एकमेकांशी होती. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने जुनी भाडी गोठली, घरमालक पागडीशिवाय खोली देईना, आणि नेमकं तेव्हाच बोटीवरून उतरलेल्या माणसाला छप्पर पाहिजे. म्हणून कॅम्प. कल्याणजवळच्या युद्धातल्या लष्करी बराकींमध्ये लाखाच्या घरात माणसं ठेवली गेली, त्याचं ८ ऑगस्ट १९४९ ला गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींच्या हस्ते उल्हासनगर झालं. चेंबूरला बराकी, सायन कोळीवाड्याला पंजाबी लोकांची वस्ती, मुलुंड कॉलनी, ठाण्याची कोपरी कॉलनी. ही नावं तुमच्याकडे आहेतच, त्यावर मी जास्त बोलत नाही.

मी जास्त बोलणार आहे ते दारांबद्दल. कुठल्याही निर्वासित नटावर काम करताना मी पहिला प्रश्न हाच लिहून ठेवते की हा माणूस या शहरात कुठल्या दाराने आत आला. कॅम्प हे एक दार झालं, पण सगळे त्यातून आले नाहीत. तुलनेसाठी त्याच वाटेने आलेली अजून तीन माणसं घ्या, म्हणजे हंगलांचं वेगळेपण दिसेल.

जी. पी. सिप्पी. सिंधमधल्या हैदराबादचा जन्म, कराचीतलं सधन व्यापारी कुटुंब, मुंबईत आल्यावर बांधकामाचा धंदा आणि तिथून सिनेमाची निर्मिती. म्हणजे दार भांडवलाचं. विचार केला तर हे अगदी सरळ आहे, शहरात लाखो लोकांना घर पाहिजे असताना बांधकामात पैसा होता आणि तो पैसा सिनेमात आला. सिंधी लोकांच्या सोसायट्या, नवजीवन वगैरे, चेंबूरला माहीमला लॅमिंग्टन रोडला उभ्या राहिल्या त्या याच गरजेतून.

साधना. जन्म कराचीचा, १९४१ चा, लहानपणी आईवडिलांबरोबर मुंबईत आल्या, काका हरी शिवदासानी सिनेमात नट होते, शिक्षण जय हिंद कॉलेजात, पहिला मोठा रोल १९५८ च्या 'अबाणा' या सिंधी सिनेमात. इथे दार कुटुंबाचं आणि समाजाचं. सिंधी सिनेमा मुंबईत निघू शकला कारण बघणारे पण इथेच आलेले होते आणि पैसे घालणारे पण.

सुनील दत्त. झेलम जिल्ह्यातले, १९२९ चा जन्म, मुंबईत ना पैसा ना काका, पण बेस्टमध्ये नोकरी आणि त्याच जय हिंद कॉलेजात शिक्षण, मग रेडिओ सिलोनवर निवेदन, मग १९५५ ला पहिला सिनेमा. यांचं दार संस्थांचं. आणि ते कॉलेज कोणी काढलं, तर कराचीच्या डी. जे. सिंध कॉलेजातून आलेल्या प्राध्यापकांनी, १९४८ ला. मघाशी म्हटलं ना कराचीच्या परीक्षा मुंबई विद्यापीठाच्या होत्या, म्हणूनच त्या प्राध्यापकांना इथे येऊन लगेच कॉलेज उभं करता आलं. निर्वासितांनी बंदर बदललं म्हणजे काय याचं मला सगळ्यात पटणारं उदाहरण हे आहे. कॅम्पमधल्या रांगेचा फोटो सगळेच दाखवतात, पण आल्याबरोबर कॉलेज काढणारी आणि त्यात दुसऱ्या निर्वासिताचं पोर शिकवणारी माणसं कोणी दाखवत नाही, तुम्ही दाखवा.

आता हंगल. भांडवल नाही. सिंधी नसल्यामुळे सिंधी पंचायत, सिंधी सोसायटी हे जाळं घरचं नाही. कॉलेजात जायचं वय गेलेलं. त्यांच्याकडे दोनच गोष्टी, शिवणकामाचा हात आणि पक्षाची-नाटकाची ओळख. पोट सुईवर, संध्याकाळ इप्टाची. इप्टा म्हणजे इंडियन पीपल्स थिएटर असोसिएशन, मुंबईतच १९४३ ला स्थापन झालेली. त्यांचं दार हे. आणि हे दार त्या काळात किती अवघड होतं ते नीट समजून घ्या, कारण १९४८ नंतर इकडेही कम्युनिस्टांची धरपकड चालू होती. मुंबईत तेव्हा बाळासाहेब खेरांचं सरकार आणि गृहखातं मोरारजी देसाईंकडे. बलराज साहनी तुरुंगात होते आणि शूटिंगपुरती परवानगी घेऊन बाहेर येत होते. म्हणजे तिकडे कम्युनिस्ट म्हणून तुरुंग भोगून माणूस इकडे आला आणि इकडे त्याच्या मित्रांना त्याच कारणासाठी उचलतायत. आपल्या अण्णाभाऊ साठे, अमर शेख यांचं लाल बावटा कलापथक याच वातावरणात गात होतं. मराठी प्रेक्षकाला हंगल जवळचे वाटायला पाहिजे असतील तर हा धागा सोडू नका, पेशावरचा शिंपी हंगल आणि वाटेगावचा शाहीर अण्णाभाऊ एकाच चळवळीत होते ही गोष्ट आपल्याकडे फार कमी सांगितली जाते.

या काळात इप्टाच्या मुंबई शाखेचं काम मंदावलं होतं, ते पुन्हा उभं करणाऱ्यांत हंगल होते. पुढे तर ते अखिल भारतीय इप्टाचे अध्यक्ष झाले आणि शेवटपर्यंत होते. म्हणून मी म्हणते, तुमच्या फिल्ममध्ये नाटकाला पाच मिनिटं आणि सिनेमाला पंचवीस असं वाटप करू नका. नाटक हे त्यांचं घर होतं, सिनेमा त्या घरातून निघालेला रस्ता.

पुरावा बघा ना. पहिला सिनेमा 'तीसरी कसम' आला तो कुठून? निर्माते कवी शैलेंद्र, म्हणजे रेल्वेच्या माटुंगा वर्कशॉपमध्ये नोकरी करता करता इप्टात गाणी म्हणणारा माणूस. पुढे १९७३ चा 'गर्म हवा', त्याचे दिग्दर्शक सथ्यू इप्टाचे, संवाद लिहिणारे कैफी आझमी इप्टाचे, मुख्य भूमिकेतले बलराज साहनी इप्टाचे. हे कोणा एजंटने जमवलेलं काम नव्हतं, वर्षानुवर्षं एकत्र तालीम केलेल्या लोकांनी एकमेकांना हाक मारलेली होती.

इथे जरा थांबून एवढं पक्कं करून घ्या: कराची, मग दार, मग सतरा वर्षं सुई आणि तालीम, मग पडदा. या क्रमाने गेलात तर शहर मागच्या पडद्यासारखं टांगलेलं राहणार नाही.

एक सावधगिरी, कारण तुमच्या यादीत मला दिलीपकुमार आणि राज कपूर पण 'निर्वासित कलाकार' म्हणून दिसले. ते तसे नाहीत. दोघेही पेशावरचे खरे, पण दोघांचीही कुटुंबं फाळणीच्या कितीतरी आधी इकडे आलेली. बलराज साहनी रावळपिंडीचे, पण तेही फाळणीआधीच मुंबईत होते. यांचं मूळ गाव तिकडे राहिलं हे दुःख खरंच आहे, पण बोटीवरून उतरून रेशनकार्डासाठी उभं राहणं वेगळं. हा फरक तुम्ही ठेवलात तर फिल्मला वजन येईल, कारण आधी आलेल्या लोकांनी नंतर आलेल्यांसाठी काय केलं हाही मोठा विषय आहे. पृथ्वीराज कपूर प्रयोग संपल्यावर थिएटरच्या दारात झोळी घेऊन निर्वासितांसाठी मदत मागत उभे राहायचे. आर. के. स्टुडिओ पण १९४८ चा, आणि तो चेंबूरला, निर्वासित वस्ती वाढत होती त्याच चेंबूरला. तो आता राहिला नाही, आग लागली २०१७ ला आणि पुढे जागा विकली गेली, तर तिथे शूट करायच्या भानगडीत पडू नका.

आता तुमचा शोलेचा प्रश्न. शोलेपासून सुरुवात करू नका असं माझं स्पष्ट मत. कारण प्रेक्षकाला ते इमामसाहेब आधीच पाठ आहेत, तिथून सुरू केलंत की सगळी फिल्म त्या एका सीनची वाट बघत राहते आणि हंगल कायमचे दुःखी म्हातारे होऊन बसतात. पण शोले सोडूनही देऊ नका, तो शेवटच्या तिसऱ्या भागात आणा आणि वेगळ्या कारणासाठी आणा. निर्माता जी. पी. सिप्पी, ज्यांचं घरदार कराचीत राहिलं. दिग्दर्शक रमेश सिप्पी, जन्म कराचीचा, जानेवारी १९४७ चा. आणि कराचीच्या तुरुंगातून आलेले हंगल त्यात म्हाताऱ्या इमामाच्या रोलमध्ये. शूटिंग बंगळूरजवळच्या रामनगरला, गोष्ट डाकूंची, फाळणीचा उल्लेख कुठेही नाही, तरी पडद्यामागे एवढी कराची भरलेली आहे. दोन वेगळ्या दारांनी शहरात शिरलेली माणसं पंचवीस-सव्वीस वर्षांनी एका सेटवर भेटतात, मुंबईने काय केलं याचं उत्तर यात आहे. हे सगळं आधीचं माहीत असल्याशिवाय कळणार नाही म्हणून ते मागे ठेवा.

मध्यभागी मात्र 'गर्म हवा' ठेवा. त्यात हंगलांनी केलेला अजमानी हा सिंधमधून आग्र्याला आलेला सिंधी व्यापारी, म्हणजे निर्वासितच. आणि ज्याचं घर, धंदा, माणसं सुटत चाललीयेत तो सलीम मिर्झा बलराज साहनींनी केलेला. जरा विचार करा, रावळपिंडीचा माणूस इथेच राहू पाहणाऱ्या मुसलमानाचं काम करतोय आणि कराचीहून आलेला माणूस निर्वासिताचं, आणि दोघं समोरासमोर बसून सौम्यपणे बोलतायत. हंगलांनी त्या अजमानीला खलनायक होऊ दिलं नाही. निर्वासित आला की कोणाचं तरी घर त्याच्याकडे जातं हे अवघड सत्य त्या भूमिकेत आहे आणि ते त्यांनी ज्या समजुतीने केलंय ते शिकवून येत नाही. माझ्यासाठी त्यांचं सगळ्यात मोठं काम हेच. त्याच वर्षीच्या 'नमक हराम' मध्ये ते कारखान्यातल्या युनियनचे जुने पुढारी होते, तेही शेजारी ठेवून बघा. फक्त व्हॉइसओव्हरमध्ये 'आयुष्यात असं घडलं म्हणून दिग्दर्शकाने त्यांना हा रोल दिला' असं म्हणू नका, ते सिद्ध करता येत नाही. दोन्ही गोष्टी शेजारी ठेवा, बघणारा जोडून घेईल. आणि सव्वादोनशेच्या आसपास सिनेमे केले असं म्हणतात त्यातले चार-पाचच घ्या, बाकीच्या बापांच्या आणि काकांच्या भूमिका सलग एका मिनिटाच्या मोंटाजमध्ये गेल्या तरी चालेल.

१९९३ बद्दल. टाळू नका आणि भडकपण करू नका. घटना एवढीच की जन्मभूमीला जाऊन यायची इच्छा होती, त्या निमित्ताने मुंबईतल्या पाकिस्तानी वकिलातीच्या कार्यक्रमाला गेले, त्यावरून शिवसेनेने बहिष्कार घातला आणि त्यानंतर बराच काळ त्यांना काम मिळणं बंद झालं. हे सांगताना शहराची तेव्हाची अवस्था पण सांगा, डिसेंबर ९२ आणि जानेवारी ९३ च्या दंगली, १२ मार्चचे बॉम्बस्फोट, लोकांच्या मनात भीती आणि राग दोन्ही होतं. ते सांगितल्याने बहिष्कार योग्य ठरत नाही, मला तो तेव्हाही चुकीचा वाटला आणि आजही वाटतो, ज्या माणसाने तिकडच्या सरकारचा तुरुंग भोगला त्याच्या निष्ठेवर इथे शंका घेतली गेली. पण तुमच्या फिल्मच्या दृष्टीने त्याचा अर्थ असा की चव्वेचाळीस वर्षं राहूनसुद्धा तो माणूस कुठून आला हे शहर विसरलं नव्हतं. ज्या दाराने शहराने आत घेतलं ते कोणत्या परिस्थितीत परत लोटलं जातं हे दाखवा. पुढे काम परत सुरू झालं, २००६ ला पद्मभूषण मिळालं, आणि तरीही २०११ मध्ये औषधपाण्याला पैसे नाहीत अशा बातम्या आल्या, २६ ऑगस्ट २०१२ ला सांताक्रूझच्या हॉस्पिटलात गेले. ही शेवटची वर्षं थोडक्यात घ्या, पण चरित्र अभिनेत्याला पेन्शन-फंड काही नसतं हे त्यात येऊ द्या, तो आजही चालू असलेला प्रश्न आहे.

बोलायचं कोणाशी. १९४८ ला जे दहा वर्षांचे होते ते आज नव्वदीच्या जवळ आहेत. म्हणजे तुम्हाला भेटतील ते तेव्हाची मुलं. त्यांना राजकारण विचारू नका, मोठ्यांकडून ऐकलेलं सांगतील. बोटीत काय खाल्लं, कुठे झोपलात, आई पहिल्यांदा कशावर स्वयंपाक करायला लागली, पहिलं भाडं कोणी भरलं, बाबांना पहिलं काम कोणाच्या ओळखीने मिळालं, हे विचारा. दंगलीपासून सुरुवात तर कधीच नको, माणूस एकतर गप्प होतो नाहीतर पाठ केलेलं बोलतो. गप्पा झाल्या की घरातली ट्रंक उघडायची विनंती करा. निर्वासित म्हणून नोंदणीचा कागद, शाळा सोडल्याचा दाखला, तिकडच्या घरासाठी भरलेल्या क्लेमचे कागद, असलं काही ना काही सिंधी-पंजाबी घरात जपलेलं असतं आणि कॅमेऱ्यासमोर माणूस कागद हातात घेऊन जास्त खरं बोलतो. घरच्यांची परवानगी लेखी घ्या, कागदावरचे नंबर-पत्ते ब्लर करा. हंगलांसाठी त्यांचं स्वतःचं इंग्रजी आत्मचरित्र आहे, १९९९ चं, ते आधी पूर्ण वाचा, खिशात वीस रुपये घेऊन मुंबईत आले ही सगळीकडे फिरणारी गोष्ट उचलण्यापेक्षा कामाच्या आणि राहण्याच्या जागा त्यातून टिपून काढा आणि नकाशावर लावा. इप्टाच्या मुंबई शाखेतल्या लोकांना भेटा, ती चालू संस्था आहे आणि त्यांच्यासोबत तालमी केलेले लोक अजून काम करतायत. तिथे विचारायचं असेल तर भूमिकांबद्दल कमी आणि तालमीला वेळेवर यायचे का, तालमीच्या जागेचं भाडं कोण द्यायचं, नवीन पोरांना काय शिकवायचे याबद्दल जास्त विचारा.

वर्तमानपत्रांसाठी दादरचं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय आणि टाऊन हॉलमधली एशियाटिक सोसायटीची लायब्ररी. 'लोकसत्ता' जानेवारी १९४८ लाच सुरू झाला, म्हणजे कराचीची दंगल झाली त्याच महिन्यापासूनचे अंक, मराठी मुंबईने या येणाऱ्या लोकांकडे कसं बघितलं ते तिथे शोधता येईल, वाचकांची पत्रं असतील ती नक्की वाचा. सरकारी कागद काळा घोड्याच्या एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या पुराभिलेखागारात, पण तिथे अर्ज, ओळखपत्र, मग फाइल मागवणं असं असतं, तुमच्या सबमिशनला महिनाच राहिला असेल तर त्या वाटेला जाऊ नका, फेस्टिव्हलसाठी नंतर वाढवणार असाल तर जरूर जा. सिनेमाची पोस्टर, बुकलेट, फोटो पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात.

क्लिप्सचं म्हणाल तर कॉलेजच्या वर्गात दाखवायला अडचण सहसा येत नाही, बाहेर दाखवणार असाल तर हक्क कोणाकडे आहेत ते आधी विचारा, शोलेसारख्या सिनेमाचे पैसे विद्यार्थ्याला झेपणार नाहीत, तिथे एखादा फोटो आणि आवाजात वर्णन यावर भागवा. बंदरात आत शूटिंग मिळणं कठीण, बॅलार्ड पिअरची बाहेरची बाजू आणि भाऊच्या धक्क्यावरून मोरा किंवा रेवसला जाणारी लाँच हा पर्याय बघा, पाण्यावरून शहर कसं दिसतं ते मिळेल, फक्त लाँचवाल्याला आणि धक्क्यावरच्या पोलिसांना विचारल्याशिवाय कॅमेरा काढू नका. स्टेशनवर ट्रायपॉड लावायचा तर रेल्वेची परवानगी लागतेच. ही पत्रं कॉलेजच्या लेटरहेडवर आजच मागून ठेवा कारण उत्तर यायला वेळ लागतो. मसुदा कसा लिहायचा कळत नसेल तर इथेच सांगा, मी लिहून देते, आणि आत्मचरित्र वाचून झाल्यावर पत्त्यांची जी यादी निघेल तीपण टाका, त्यातल्या कुठल्या जागा अजून उभ्या आहेत ते बघून सांगेन.